ज्याला मोर्चा काढता येत नाही

सोलापुरात विडी कामगार बाईचं, यंत्रमागावरच्या माणसाचं किंवा कंत्राटी सफाई कामगाराचं गाऱ्हाणं असलं, तर त्याची वाट ठरलेली आहे. युनियनच्या ऑफिसात जायचं, निवेदन तयार करायचं, झेंडे घ्यायचे आणि पूनम गेटसमोर, म्हणजे आंदोलनांच्या ठरलेल्या जागी, येऊन बसायचं. निवेदन दिलं की त्याची पोच घ्यायची. महिनाभरात काही हललं नाही तर पुन्हा यायचं. कुंभारीच्या माळावर रे नगरच्या ३०,००० घरांची वसाहत आली ती अशाच वर्षानुवर्षांच्या मोर्च्यांतून. १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान तिथल्या १५,००० घरांचं लोकार्पण करायला आले. त्याआधी कामगारांनी किती वेळा सरकारचे उंबरे झिजवले होते, हे शहराला माहीत आहे.

याच विडी कामगार बाईचा मुलगा बेळगावच्या लष्करी सेंटरला भरती होऊन पुढे लडाखला गेला, की त्याच्यासाठी यातली एकही वाट उरत नाही. संविधानाचं कलम ३३ संसदेला सैन्यदलांतल्या माणसांचे मूलभूत हक्क मर्यादित करण्याचा अधिकार देतं, आणि सैन्य अधिनियम १९५० चं कलम २१ त्याच आधारावर जवानाला संघटना, राजकीय सभा आणि वर्तमानपत्र या तिन्हींपासून लांब ठेवतं. हे बंधन हवंच. देशानं ज्यांच्या हातात शस्त्र दिलंय त्यांनी घोषणा देत रस्त्यावर उतरायचं नसतं. पण असं बंधन एकतर्फी असून चालत नाही. ज्याला बोलायला आपण कायद्यानं मनाई केली, त्याच्यापर्यंत जाऊन विचारण्याची जबाबदारी आपल्यावर, म्हणजे आपण निवडून दिलेल्या माणसांवर येते. राष्ट्रीय नेत्यांनी जवानांना भेटायला जावं का, या प्रश्नाचं उत्तर मला इथं सापडतं. जावंच. ते त्यांचं कर्तव्य आहे. आणि भेट चांगली झाली की वाईट, हेही याच कसोटीवर ठरवायला हवं: जवान काय बोलला आणि त्याचं पुढे काय झालं?

जवानाला दाद मागायची सोयच नाही, असं नाही. सैन्य अधिनियमाच्या कलम २६ खाली त्याला वरिष्ठांविरुद्ध लेखी तक्रार करता येते. पलटणीत सैनिक संमेलन भरतं, तिथं हात वर करून विचारता येतं. ‘इंटरव्ह्यू’ मागून सीओ साहेबांना, म्हणजे पलटणीच्या प्रमुख अधिकाऱ्याला, एकट्यानं भेटता येतं. चांगल्या पलटणीत या वाटा खरोखर चालतात, आणि तशा पलटणी पुष्कळ आहेत. अडचण एवढीच की या सगळ्या वाटा त्याच साखळीतून वर जातात, जिच्याबद्दल कधीकधी तक्रार असते. जानेवारी २०१७ मध्ये सीमा सुरक्षा दलातल्या एका जवानानं जेवणाबद्दलचा व्हिडिओ लोकांसमोर ठेवला. काही महिन्यांत त्याची नोकरी गेली. त्यानं शिस्त मोडली, हे खरंच आहे. पण त्यानंतर सैन्यातही लष्करप्रमुखांना तक्रारपेट्या ठेवाव्या लागल्या आणि थेट तक्रारीसाठी व्हॉट्सॲप क्रमांक जाहीर करावा लागला. म्हणजे खालून वर जाणारी नळी कुठंतरी तुंबली होती, हे वरूनही मान्य झालं.

अशा भेटींचं समर्थन करताना नेहमी सांगितलं जातं ते मनोबलाचं कारण. ते खोटं नाही. जून १९९९ मध्ये कारगिलवर तोफगोळे पडत होते त्या दिवसांत वाजपेयी तिथं गेले. १५ जून २०२० ला गलवानमध्ये २० जवान गेल्यानंतर ३ जुलैला मोदी लडाखमधल्या निमूला गेले. अशा वेळी नेत्याचं तिथं असणं हाच निरोप असतो, आपल्या माणसांनाही आणि समोरच्यालाही. पण रोजचं मनोबल हस्तांदोलनावर टिकत नाही. लंगरमधून गरम जेवण वेळेवर येणं, ठरलेल्या तारखेला रजा सुटणं, जखमी झालो तर हेलिकॉप्टर येईल याची खात्री असणं, आणि घरच्या शेताचा बांध कुणी कोरत नाहीये हे माहीत असणं, यावर ते टिकतं. नेत्याची भेट या चार गोष्टींना कुठं स्पर्श करत असेल तर तिचा मनोबलाशी संबंध. नाहीतर तो एक चांगला दिवस होता, एवढंच.

दुसरं एक कारण आहे, सैन्य जनतेला जबाबदार असण्याचं, आणि त्याची चर्चा फार होत नाही. सोलापूरकरांना ते इतरांपेक्षा लवकर कळायला हवं, कारण या शहरानं मे १९३० मध्ये लष्करी कायदा भोगला आहे. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली, ते त्याच काळाचं देणं. तेव्हा रस्त्यावर उभा असलेला शिपाई कुणाला जबाबदार होता? चार हुतात्मा चौकातून आज जाणाऱ्या माणसाला नक्कीच नाही. आज संविधानाच्या कलम ५३ प्रमाणे सैन्यदलांचं सर्वोच्च नेतृत्व राष्ट्रपतींकडे आहे आणि कारभार निवडून आलेल्या सरकारकडे. एप्रिल २००४ मध्ये राष्ट्रपती कलाम सियाचीनला गेले, जून २००५ मध्ये मनमोहन सिंग गेले, २०१४ च्या दिवाळीला मोदी गेले. पक्ष वेगळे, पदं वेगळी, पण प्रत्येक वेळी एक गणवेशधारी जनरल एका साध्या कपड्यातल्या माणसाला सॅल्यूट करून परिस्थिती सांगत होता. आपल्या शेजारी देशांत हे दृश्य किती वेळा उलटं झालं, ते आपण पाहिलंय. सैन्य जनतेचं आहे हे कागदावर लिहिलेलं असतंच, पण अधूनमधून जागेवर जाऊन ते चालवून दाखवावं लागतं.

जागेवर न जाता आदेश दिले की काय होतं, याचं सर्वांत कडू उदाहरण १९६२ चं. १२ ऑक्टोबरला कोलंबोला निघालेल्या नेहरूंनी पत्रकारांना सांगितलं की आपला प्रदेश मोकळा करण्याचे आदेश सैन्याला दिले आहेत. २० ऑक्टोबरला ईशान्य सीमेवरच्या नामका चू नदीच्या काठावर चिनी हल्ला झाला तेव्हा तिथल्या कित्येक जवानांच्या अंगावर उन्हाळी सुती गणवेश होते. विमानतळावरचं वाक्य आणि नदीकाठचा सुती सदरा यांच्यातलं अंतर कुणी मोजलं नव्हतं. पुढे २१ नोव्हेंबरला यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य आपल्याकडे अजून घरोघरी आहे, पण त्या वाक्यानंतर काय झालं ते फारसं सांगितलं जात नाही. चव्हाणांनी पराभवाची लष्करी चौकशी लावली, पहाडी लढाईसाठी वेगळ्या डिव्हिजन उभ्या करण्याचं काम पुढे नेलं आणि १९६४ ते ६९ ची पहिली पंचवार्षिक संरक्षण योजना आणली, ज्यात सैन्याचं बळ ८,२५,००० ठरवलं गेलं. सीमेवरचे दौरे त्यांनीही केले. त्या दौऱ्यांना वजन आलं ते दिल्लीत परतल्यावर हललेल्या कागदांमुळे.

जॉर्ज फर्नांडिस यांचं उदाहरण तर अभ्यासक्रमात असावं असं आहे. संरक्षणमंत्री असताना ते सियाचीनला पुन्हा पुन्हा जात. तिथल्या जवानांना हिमस्कूटर हव्या होत्या आणि खरेदीची फाईल दिल्लीत अर्थविषयक शेरे झेलत पडली होती. फर्नांडिस यांनी ती फाईल अडवणाऱ्या अधिकाऱ्यांनाच सियाचीनला पाठवलं, म्हणजे हिमस्कूटर कशासाठी लागते ते त्यांनी स्वतः बर्फात उभं राहून बघावं. या गोष्टीकडे लोक गंमत म्हणून बघतात. मला त्यात पद्धत दिसते. मंत्र्यानं ऐकलं, गाऱ्हाणं नेमकं कुठल्या टेबलावर अडलंय ते शोधलं आणि ते टेबलच डोंगरावर नेलं.

आता अशी भेट प्रत्यक्षात कशी होते ते पाहू, कारण बिघाड तिथंच होतो.

पंतप्रधानांची भेट असेल तर एसपीजीची, म्हणजे त्यांच्या सुरक्षेच्या विशेष दलाची, आगाऊ तुकडी काही दिवस आधी येते. हेलिपॅड, पर्यायी हेलिपॅड, रुग्णवाहिका, डॉक्टर, रक्तगटाचं रक्त, सुरक्षित खोली, कोण किती फुटांवर उभं राहणार, सगळं कागदावर येतं. ते टाळता येत नाही आणि टाळूही नये. पण त्याच वेळी पलटणीत दुसरी तयारी सुरू होते. रस्त्याच्या कडेच्या दगडांना गेरू-चुना लागतो. मोडकी खुर्ची मागे जाते, शेजारच्या युनिटमधून चांगली येते. ब्रीफिंगसाठी वाळूचं मॉडेल नव्यानं बनतं. हे सगळं ‘फटीग’ म्हणून जवानच करतात, आपली पहाऱ्याची पाळी सांभाळून. या दिवसांत माणसं कमी पडू नयेत म्हणून रजा पुढे ढकलल्या जातात. ज्याची रजा आठ दिवसांनी पुढे गेली त्याचं दिल्लीहून सोलापूरला येणाऱ्या कर्नाटक एक्सप्रेसचं तिकीट वाया जातं. जम्मूहून येणारा झेलमनं दौंडला उतरून पुढे जवळपास १९० किलोमीटर दुसऱ्या गाडीनं येतो, त्याचीही तीच गत. बहिणीच्या लग्नाची तारीख मात्र पुढे जात नाही. नेत्याला हे माहीत नसतं, आणि त्याला ते कुणी सांगतही नाही.

मग पहिली ओळ ठरते. नीट बोलणारे, उंचेपुरे, ज्यांच्याबद्दल साहेबांना खात्री आहे असे जवान पुढे. नेत्यानं ‘कोई तकलीफ?’ विचारलं की ‘नहीं साहब, सब ठीक है’ म्हणायचं, हे कुणी शिकवावंही लागत नाही, कारण शेजारी कंपनी कमांडर, मागे सुभेदार मेजर आणि समोर कॅमेरा उभा असतो. ज्याला खरोखर तकलीफ आहे तो त्या वेळी बहुधा पहाऱ्यावर असतो. बडाखाना, म्हणजे सगळ्यांचं एकत्र जेवण, होतो, मिठाई वाटली जाते, फोटो निघतात, हेलिकॉप्टर उडतं. दिल्लीत प्रसिद्धिपत्रक निघतं आणि त्यात भेटीत काय ठरलं याचा एकही शब्द नसतो.

उंचीचा प्रश्न वेगळाच. ९,००० फुटांच्या वर जायचं तर सैन्य जवानाचं शरीर टप्प्याटप्प्यानं हवेला सरावतं: १२,००० फुटांपर्यंत सहा दिवस, १५,००० पर्यंत आणखी चार, त्याच्या वर आणखी चार. एकूण चौदा. पहिले दोन दिवस विश्रांतीचे, मग थोडं चालणं, मग चढ. नेत्याकडे चौदा दिवस नसतात. तो सकाळी हेलिकॉप्टरनं सियाचीनच्या तळावर, म्हणजे साधारण १२,००० फुटांवर उतरतो आणि काही तासांत परततो. फुप्फुसात पाणी साठण्याचा धोका बहुतेक वेळा दुसऱ्या ते चौथ्या दिवशी असतो, त्यामुळे डॉक्टर आणि ऑक्सिजन सोबत असला तर एवढी भेट झेपते. पण त्याचा अर्थ असा की ज्या चौक्यांसाठी सियाचीन ओळखलं जातं, त्या चौक्या बहुतेक नेते खालूनच पाहतात. शिवाय पहाडात उडायला योग्य हवा सकाळचे थोडेच तास मिळते. दुपारी वारा आणि ढग चढतात. वरच्या चौकीला रॉकेल, औषध, बॅटऱ्या नेणारी फेरीही त्याच तासांत होते. पाहुण्याच्या हेलिकॉप्टरसाठी आकाश रिकामं ठेवलं की खालचं सामान खालीच राहू शकतं.

म्हणून जाऊच नये का? असं मी म्हणणार नाही. उलट यातून भेट कशी आखावी ते कळतं. वर जाता येत नसेल तर वरून कालच उतरलेल्या तुकडीला भेटावं. तिथं साधारण तीन महिने काढून आलेल्या माणसांचं वजन घटलेलं असतं, बोटं काळवंडलेली असतात, ओठ फुटलेले असतात. त्यांच्यासोबत अर्धा तास बसणं म्हणजे तळावरच्या चकचकीत पहिल्या ओळीसोबतच्या पूर्ण दिवसापेक्षा जास्त माहिती. आणि भेट शक्यतो सामानाच्या फेऱ्या संपल्यावर, किंवा हवा लागोपाठ चांगली असणाऱ्या काळात ठेवावी. दिवाळीची तारीख पंचांग ठरवतं हे मान्य. पण वर्षाला एकच भेट आणि तीही सणालाच, असा काही नियम नाही.

फेब्रुवारी २०२० मध्ये नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा अहवाल संसदेत मांडला गेला. सियाचीन, लडाखसारख्या उंचीवरच्या भागांत २०१५-१६ ते २०१७-१८ या काळात बर्फातले चष्मे आणि खास बूट यांची खरेदी रखडल्यामुळे तुटवडा होता, आणि शिध्यात मूळ पदार्थाऐवजी बदली पदार्थ दिल्यानं जवानांच्या पोटात जाणाऱ्या उष्मांकांवर परिणाम झाला, असं त्यात म्हटलं होतं. ही माहिती जुनी आहे, आता परिस्थिती सुधारली आहे, असं लष्कराच्या वतीनं सांगितलं गेलं. ते मान्य करू. तरी एक प्रश्न उरतोच. त्या तीन वर्षांत सियाचीनला मोठ्या माणसांच्या भेटी झाल्या होत्या. मग बुटांची गोष्ट लेखापरीक्षकाला कागदांतून का शोधावी लागली? समोर उभ्या असलेल्या पायांकडे बघून ती कळायला हवी होती. या गावात चादर दोन बोटांत धरून सूत कसं आहे ते सांगणारी माणसं आहेत. नेत्याला ते ज्ञान असायची गरज नाही, पण स्लीपिंग बॅग हातात घेऊन तिची चेन ओढून बघायला काय हरकत आहे?

महाराष्ट्राला हे नवं नाही. शिवाजी महाराजांचं चिपळूणजवळच्या लष्कराला लिहिलेलं पत्र आपण शाळेत ऐकलेलं असतं, ते भाजीच्या देठासाठी. पण त्या पत्रात त्याहून बारीक गोष्टी आहेत. दाणा-वैरण आत्ताच मनमानी खर्च केली तर पावसाळ्यात घोडी मरतील, आगट्या निष्काळजीपणे पेटवू नका, रात्री दिवा जळता ठेवलात तर उंदीर पेटती वात पळवून नेईल आणि गंजी पेटेल. छावणीतला उंदीर माहीत असलेला राजा तो. लष्कराची काळजी कशी घेतात याचा दाखला शोधायला आपल्याला परदेशात जायची गरज नाही.

‘काही अडचण?’ हा प्रश्न निरुपयोगी आहे, कारण त्याचं उत्तर ठरलेलं आहे. नेमका प्रश्न विचारला की नेमकं उत्तर येतं. शेवटची रजा कधी मिळाली, आणि तळापासून घरी पोचायला किती दिवस लागले? त्यातले ट्रान्झिट कॅम्पमध्ये किती गेले? बुटाचा नंबर मापाचा मिळाला की एक नंबर मोठा घेऊन दोन मोजे घालावे लागतात? बुखारीचं, म्हणजे खोली गरम ठेवणाऱ्या शेगडीचं, रॉकेल रात्रभर पुरतं का? या चौकीवरून शेवटचा आजारी माणूस खाली न्यायला किती तास लागले? घरी फोन कधी लागला? यातल्या एकाही प्रश्नात साहेबांविरुद्ध तक्रार नाही, त्यामुळे जवान न घाबरता बोलतो. सैनिकाला वर्षाला ६० दिवसांची वार्षिक आणि ३० दिवसांची किरकोळ रजा आहे, हे नेत्याला आधी माहीत असलं की ‘गेल्या वर्षी किती दिवस मिळाली?’ याचं उत्तर त्याला तिथल्या तिथं तोलता येतं.

आणि भेटणारे जवान निवडायचे कसे? याचं उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. पंढरपुरात आषाढी एकादशीच्या शासकीय महापूजेला मुख्यमंत्र्यांसोबत मानाचं वारकरी दाम्पत्य बसतं. ते कुणाच्या शिफारशीनं येत नाही. त्या वेळी दर्शनरांगेत जे पुढे उभे असतात, त्यांना तो मान मिळतो. कुठल्या गावचे, कुठल्या जातीचे, नीट बोलतात की नाही, कुणी विचारत नाही. हीच रांगेची पद्धत पलटणीत आणावी. नेत्यासोबत जेवायला बसणारे बारा-पंधरा जण पहाऱ्याच्या यादीवरून घ्यावेत: काल रात्री दोन ते चारची पाळी ज्यांची होती ते. त्यांत नवखा असेल, लाजाळू असेल, एखादा चिडलेलाही असेल. असू दे.

यावर लष्करातल्या जुन्या लोकांचा एक आक्षेप आहे आणि तो हलका नाही. नेता थेट जवानाचं ऐकायला लागला तर अधिकाऱ्याचा धाक जातो. आज्ञेची साखळी एकदा सैल झाली की लढाईत माणसं मरतात. पलटणीत राजकारण शिरायला हीच फट पुरते. हे मला पूर्ण पटतं, म्हणून ऐकणं आणि ठरवणं यांत फरक करायला हवा. नेत्यानं जागेवर एकही आदेश देऊ नये, कुणाला झापू नये, बदली-बढतीच्या वैयक्तिक गाऱ्हाण्यात पडू नये. सोबतच्या अधिकाऱ्यानं मुद्दा वहीत घ्यावा, नावाशिवाय: अमुक उंचीवरची चौकी, अमुक वस्तू, अमुक अडचण. ती वही संरक्षण मंत्रालयातून लष्कराच्या नेहमीच्या वाटेनं खाली यावी आणि तिला ठरावीक मुदतीत उत्तर मिळावं. साखळी जिथल्या तिथं राहते, फक्त तिच्यात वरून पाणी सोडून ती कुठं तुंबली आहे ते पाहिलं जातं. आणि जे सीओ साहेब आपल्या पलटणीसाठी तीन वर्षं बूट मागून थकले आहेत, त्यांना तर ही वही देवासारखी वाटेल. तक्रार अधिकाऱ्याविरुद्धच असते, हा समज चुकीचा आहे. बहुतेक वेळा जवान आणि त्याचा अधिकारी एकाच बाजूला असतात आणि फाईल दुसऱ्या.

निवडणुकीच्या काळातल्या भेटींबद्दल मात्र माझं मत कडक आहे. निवडणूक आयोगानं डिसेंबर २०१३ मध्ये आणि पुन्हा ९ मार्च २०१९ ला पक्षांना सांगितलं की प्रचारात सैनिकांचे फोटो वापरू नका. तरीही फलक लागतात, सोलापुरातही चौकाचौकात लागलेले सगळ्यांनी पाहिले आहेत. जवान त्या फलकावरून आपला चेहरा काढून घ्या असंही म्हणू शकत नाही, कारण पुन्हा तेच, त्याला बोलायची परवानगी नाही. ज्याला नकार देता येत नाही त्याचा चेहरा वापरणं हा अन्याय आहे, पक्ष कुठलाही असो. आचारसंहिता लागल्यापासून मतदान होईपर्यंत युद्ध किंवा मोठी दुर्घटना सोडून कुठल्याही नेत्यानं पलटणीला भेट देऊ नये, असा सर्वपक्षीय संकेत व्हायला हवा.

सीमेइतकंच महत्त्वाचं ठिकाण सोलापूरपासून रेल्वेनं चार-पाच तासांवर आहे. पुण्यात खडकीला कमरेखालचं शरीर लुळं पडलेल्या जवानांचं पुनर्वसन केंद्र आहे, तिथंच हात-पाय गमावलेल्यांना नवी कौशल्यं शिकवणारी संस्था आहे, आणि कृत्रिम अवयव केंद्रही पुण्यातच. तिथं भेट द्यायला हवामानाची अडचण नाही आणि उंचीचीही नाही. फक्त डॉक्टरांच्या फेरीची आणि जखमा बांधायची वेळ सोडून जावं, सोबत दोन-तीन माणसांपेक्षा जास्त नेऊ नयेत आणि कॅमेरा बाहेर ठेवावा. व्हीलचेअरचं चाक बदलून मिळायला किती दिवस लागतात, घराच्या दाराला उतार करायला पैसे मिळाले का, हे विचारावं.

आणि शेवटी गाव. मंगळवेढ्याचा किंवा सांगोल्याचा जवान चौकीवर उभा असतो तेव्हा त्याचं अर्धं लक्ष सातबाऱ्यावर असतं. भावकीनं बांध कोरला, मोजणीची तारीख लागली, तो हजर नाही. भारतीय सैनिक (वाद) अधिनियम १९२५ हा कायदा अशाच प्रसंगासाठी आहे. विशिष्ट सेवेत असलेल्या जवानाविरुद्धचा दावा थांबवून ठेवता येतो. तो कायदा आहे हे किती तलाठ्यांना माहीत आहे? पलटणीतून साहेबांचं पत्र जिल्हाधिकाऱ्यांना येतं, ते तहसीलला जातं, आणि पुष्कळदा तिथंच मुक्काम करतं. दुसरं दुखणं ‘पार्ट टू’ चं. लग्न झालं, मूल झालं की त्याची नोंद पार्ट टू ऑर्डरनं रेकॉर्ड ऑफिसला व्हावी लागते. ती राहिली, किंवा पत्नीचं नाव आधारवर ‘सुनीता’ आणि लष्कराच्या कागदावर ‘सुनिता’ असं ऱ्हस्व-दीर्घाच्या फरकानं पडलं, तर कुटुंब निवृत्तिवेतनाच्या वेळी ती बाई जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, बँक आणि रेकॉर्ड ऑफिस अशा फेऱ्या मारत राहते. निमलष्करी दलातल्यांचं आणखी वेगळं. गावात सगळ्यांनाच ‘मिलिटरीत’ म्हणतात, पण १ जानेवारी २००४ नंतर तिथं लागलेल्यांना सैन्यासारखी जुनी पेन्शन नाही, तो वाद न्यायालयात गेला आहे. दिवाळीची मिठाई घेताना हे त्याच्या मनात नसतं, असं समजायचं कारण नाही.

जवानाचं पार्थिव गावी येतं तेव्हा सगळे येतात. पुण्यापर्यंत विमानानं, पुढे लष्कराच्या गाडीतून, वाटेत प्रत्येक फाट्यावर फुलं. गर्दी मनापासून रडत असते. तिथं एकच गोष्ट हात जोडून सांगावीशी वाटते: मंत्र्याची गाडी रस्त्यात अडकली म्हणून अंत्यविधी थांबवू नका. म्हातारी आई उन्हात बसलेली असते, आणि सोलापूरचं ऊन म्हणजे काय ते सांगायला नको. भाषण करू नका. त्याऐवजी तीन महिन्यांनी या. तेव्हा मांडव उठलेला असतो, सानुग्रह अनुदानाचा कागद कुठंतरी अडलेला असतो, नॉमिनी पत्नी की आई यावरून घरात अबोला धरलेला असतो. एका खासदारानं किंवा मंत्र्यानं त्या दिवशी सैनिक कल्याण अधिकाऱ्याला, तहसीलदाराला आणि बँकेच्या माणसाला सोबत घेऊन त्या ओसरीवर दोन तास बसावं. सीमेवरच्या जवानापर्यंत ही बातमी त्याच रात्री पोचते, कारण आपल्यामागे घराचं काय होईल हे तो दुसऱ्याच्या घरावरूनच जोखत असतो.

आपला जिल्हा लोकसभेच्या तीन मतदारसंघांत विभागला आहे: सोलापूर, माढा, आणि बार्शीपुरता धाराशिव. म्हणजे तीन खासदार. लोकसभेत प्रश्नाची सूचना किमान पंधरा दिवस आधी द्यावी लागते आणि लेखी उत्तर मागता येतं. मतदारसंघातल्या माजी सैनिक संघटनांनी तिघांनाही एकच प्रश्न लिहून द्यावा. गेल्या बारा महिन्यांत राष्ट्रपती, पंतप्रधान, संरक्षणमंत्री आणि गृहमंत्री यांनी जवानांना दिलेल्या भेटींत एकूण किती मुद्दे नोंदवले गेले, त्यांपैकी किती निकाली निघाले, आणि सर्वांत जुना प्रलंबित मुद्दा किती दिवसांचा आहे? चौकीचं नाव, तुकडीचं नाव किंवा साहित्याची संख्या प्रश्नात मागायची नाही, म्हणजे सुरक्षेचं कारण सांगून उत्तर टाळता येणार नाही. जवानाला पूनम गेटवर येता येत नाही, पण माजी सैनिकाला येतं, त्याच्या पत्नीलाही येतं. प्रश्नाच्या सूचनेची एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी, कारण जिल्हा सैनिक मंडळाचे अध्यक्ष तेच असतात. आणि तिची पोच घ्यावी.